स्पिंडल तापवण्याचा तक्ता

आमच्या घरात यंत्राला हात लावायची मला बंदी आहे. ही बंदी कुणी लेखी काढलेली नाही, पण गेली बत्तीस वर्षं ती चोख पाळली जाते. मिक्सर मी लावत नाही, गिझर मी चालू करत नाही, आणि कपडे धुण्याच्या मशिनजवळून जातानासुद्धा हात मागे बांधून जातो. यामागे एक इतिहास आहे, पण तो सांगत बसलो तर मूळ गोष्ट बाजूला राहील. एवढंच सांगतो, की त्या इतिहासात एक इस्त्री, एक पंखा आणि शेजारच्यांचा टीव्ही येतो. शेजारच्यांच्या टीव्हीशी माझा काय संबंध हे मला स्वतःलाही अजून कळलेलं नाही.

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी बायको चपला घालता घालता म्हणाली, "आज स्पिंडल तुम्हीच चालवा," तेव्हा मला आधी वाटलं की ती फोनवर दुसऱ्या कुणाशी तरी बोलतेय.

बायको शाळेत चित्रकला शिकवायची. गेल्या वर्षी निवृत्त झाली. आता ती आराम करेल अशी सगळ्यांची समजूत होती, त्यात मीही होतो. तिनं काय केलं, तर संगणकावर चित्रं काढायला शिकली आणि नुकताच बंद बाल्कनीत एक राउटर आणून बसवला. म्हणजे संगणकावर काढलेलं चित्र लाकडात कोरणारं यंत्र. टेबलाएवढं असतं. त्याच्या मधोमध मनगटाहून जाड असं एक पोलादी नळकांडं उभं असतं. आत मोटर, आणि खालच्या टोकाला कोरायचं पातं धरायची जागा. हे नळकांडं म्हणजे स्पिंडल. ते मिनिटाला चोवीस हजार वेळा फिरतं. मी ऑफिसात आवक-जावक विभागात नोकरी केली. तिथे एक कागद चोवीस फुटांवरच्या टेबलापर्यंत न्यायला आम्हाला दोन दिवस लागायचे. तेव्हा चोवीस हजार हा आकडा ऐकून मी दोन पावलं मागे सरलो, तर त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

यंत्राला काम आधीच मिळालेलं होतं. बायकोच्याच जुन्या शाळेच्या बालवर्गाला लाकडी पाट्या हव्या होत्या. पाटीवर अक्षर खोल कोरायचं, म्हणजे मुलं त्यातून बोट फिरवत ते गिरवतील. ही कल्पना बायकोच्या डोक्यात वीस वर्षं होती आणि वीस वर्षं शाळेनं ती हसण्यावारी नेली होती. आता नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "सोमवारी पाच पाट्या आणून दाखवा. नाहीतर आम्ही प्लॅस्टिकच्या मागवून टाकतो."  त्यानंतर आठ दिवस रोज संध्याकाळी बसून बायकोनं एकच 'अ' पुन्हा पुन्हा काढला.

आणि आता या सगळ्याच्या मध्ये स्पिंडल उभं होतं. आदल्या दिवशी यंत्र बसवायला आलेल्या मेकॅनिकनं आम्हा दोघांना समोर उभं करून, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात सगळं सांगितलं होतं. "बेअरिंग नवं आहे. आतलं ग्रीस एका जागी बसलंय. हळूहळू फिरवून ते सगळीकडे पोचवायचं. आधी सहा हजार, मग बारा, मग अठरा, मग चोवीस. प्रत्येक पायरी वीस मिनिटं. पातं लावायचं नाही, खालचा नटही काढून ठेवायचा. घाई केलीत तर बेअरिंग जळेल. जळलं की स्पिंडल गेलं. नवीन यायला दीड महिना." मग बादलीतल्या पंपाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "स्पिंडलभोवती पाणी फिरत राहिलं पाहिजे. ते थांबलं तर मात्र मला फोनसुद्धा करू नका." त्यानंतर खरोखरच त्याचा फोन कधी लागला नाही.

"मी?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हीच. मला लाकडाच्या वखारीत जायचंय. फळ्या समोर उभं राहून रंधून घ्याव्या लागतात, नाहीतर ते वाकड्या देतात. तीनपर्यंत येते." आणि दारातून वळून म्हणाली, "सोमवार लक्षात आहे ना?"

बत्तीस वर्षांत या बाईनं पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. मला भरून आलं. पण ती जिना उतरून गेली तसं भरून आलेलं सगळं ओसरलं आणि खाली नुसती भीती राहिली. बाल्कनीत जाऊन मी त्या नळकांड्याकडे पाहिलं. पाणी आणि वीज एकमेकांपासून चार बोटांच्या अंतरावर होती. मी रबरी चपला घातल्या. मग विचार करून स्कूटरचं हेल्मेटही घातलं. मग फ्रिजमधला सगळा बर्फ आणून बादलीत ओतला. पाणी गार असलं तर स्पिंडल तापणार नाही, हा माझा स्वतःचा विचार होता आणि त्या वेळी मला तो फार हुशारीचा वाटला.

कंपनीनं सोबत एक छापील तक्ता दिला होता. तो पाहून मात्र मला जरा धीर आला. चार पायऱ्या, प्रत्येकीपुढे सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आवाज सामान्य की असामान्य, आणि सही. एक रकाना होता, 'स्पिंडलवर तळहात ठेवून दहा आकडे मोजता येतात का? होय / नाही.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तर नाही असल्यास यंत्र बंद करावे, अर्धा तास थंड होऊ द्यावे व तीच पायरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. तक्ता अपूर्ण असल्यास हमी रद्द समजावी.' असं गद्य मी आयुष्यभर वाचलेलं आहे. मी पेन काढलं, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. म्हणजे स्पिंडल फिरायला लागलं, एक बारीक घूं असा आवाज आला, पण मी जिवंत होतो. एक हात मी लाल बटणावर ठेवला. ते तळहाताएवढं बटण दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. दुसरा हात पाणी फिरतंय की नाही हे कळावं म्हणून बादलीत, पंपाच्या तोंडापाशी धरून ठेवला. अशा अवघडलेल्या अवस्थेत दहा मिनिटं गेली आणि दाराची बेल वाजली.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सगळे पोटनियम म्हणतात. त्यांच्या तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांना ते माहीत आहे आणि मला वाटतं थोडं आवडतंही. ते दारात उभे होते. माझ्या हेल्मेटकडे पाहून त्यांनी काही विचारलं नाही, कारण हेल्मेटबद्दल नियम नाही.

"आवाज कसला आहे?"

"स्पिंडल मुरवतोय," मी म्हणालो.

"निवासी सदनिकेत?" त्यांनी चष्मा पुसला. "यंत्र चालवायचं तर अर्ज लागतो. वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांची हरकत नसल्याची पत्रं लागतात. मग समितीची बैठक. पुढची बैठक सत्तावीस तारखेला आहे."

सत्तावीस तारीख सोमवारच्या बरीच पलीकडे होती.  मी हातातला तक्ता त्यांच्यापुढे धरला. आणि पोटनियमांचा चेहरा बदलला. त्यांनी तक्ता उजेडात धरला, रकाने मोजले, बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली. "व्यवस्थित केलाय," ते हळूच म्हणाले. "पण साक्षीदाराचा रकाना नाही. तुम्ही एकट्यानं सही केलीत तर कोण मानणार?" असं म्हणून ते आत आले, बाल्कनीच्या दारात खुर्ची ओढून बसले आणि तक्त्याच्या उजव्या कडेला पट्टीनं एक नवीन रकाना आखू लागले. अर्जाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

"हात लावून बघा," ते म्हणाले. मी बादलीतला हात काढला, पुसला आणि पाण्याच्या नळ्या पोचत नाहीत तिथे, खालच्या बेअरिंगपाशी, स्पिंडलवर ठेवला. तीनपर्यंत मोजलं आणि ओरडून हात मागे घेतला. भाजत होतं.

"नाही," पोटनियम म्हणाले, आणि 'नाही'वर खूण केली. मी लाल बटण दाबलं. स्पिंडल गप्प झालं. पहिल्या पायरीला, सहा हजारांना, दहा मिनिटांत ते तापलं होतं. चोवीस हजारांना काय होणार होतं? मला डोळ्यांपुढे सोमवार दिसायला लागला. बायको मुख्याध्यापिकांसमोर रिकाम्या हातांनी उभी आहे आणि मी घरी कपडे धुण्याच्या मशिनपासून दहा फुटांवर बसलोय.

अर्धा तास थंड होऊ देणं भाग होतं. त्या अर्ध्या तासात ड्रायव्हरकाका आले. हे आमच्या समोर राहतात. तीस वर्षं बस चालवली आणि आता उरलेलं आयुष्य त्या बसबद्दल बोलण्यात घालवतात. त्यांनी स्क्रूड्रायव्हर सोबतच आणला होता.

"नवीन इंजिनाला रगडलं नाही तर ते सुटत नाही," काका म्हणाले. "एकदम चोवीस हजाराला सोडा. एकदाच ओरडेल, मग जन्मभर गप्प."

"तक्त्यात तसं नाही," पोटनियम म्हणाले.

"तक्ता करणारा बस चालवतो का?"

"तुमची बस मिनिटाला चोवीस हजार फेरे मारते का?"

मी दोघांच्या मध्ये हेल्मेट घालून उभा होतो आणि माझं मत कुणी विचारत नव्हतं. शेवटी तक्ता जिंकला. सहा हजारांवर पुन्हा सुरू केलं. मी बादलीत हात घातला, बर्फ बराच उरला होता. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पिंडलच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे बारीक केले. अनुभवी मेकॅनिक बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात म्हणे.  मला घाम फुटला.

"आत काहीतरी बोलतंय," ते म्हणाले.

"काय बोलतंय?"

"ते सांगता येत नाही. पण बोलतंय."

मी बादलीतला हात काढून स्पिंडलवर ठेवला. या वेळी चारपर्यंत मोजू शकलो. पोटनियमांनी दुसऱ्यांदा 'नाही'वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात 'चार आकडे' असं लिहिलं. "प्रगती आहे," ते म्हणाले. मला रडू यायचं बाकी होतं. सकाळचे साडेदहा वाजत आले होते, दोनदा सुरू करून दोनदा बंद केलं होतं, आणि बेअरिंग आत काहीतरी बोलत होतं. मी मेकॅनिकला सात वेळा फोन केला. बायकोला मात्र केला नाही. तिचा नंबर काढून नुसता बघत बसलो. तिनं विचारलं असतं, "काय झालं?" आणि ते सांगायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्यांदा सुरू केलं आणि दहा मिनिटांत नर्सताई आल्या. या वरच्या मजल्यावर राहतात. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येतात आणि कुणाच्या दारात कधी उभ्या राहत नाहीत. त्या दिवशी मात्र प्रेशर मोजायचं यंत्र घेऊन सरळ आत आल्या. "सहज आले," म्हणाल्या. "म्हटलं तुमचं प्रेशर बघून जावं."

हे कसलं सहज, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आजूबाजूचे लोक डॉक्टर-नर्स बोलावण्याइतके माझ्या अवस्थेबद्दल गंभीर आहेत, या विचारानंच मी आणखी घाबरलो. मी बादलीतला हात काढून त्यांच्यापुढे केला. त्यांनी मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

"अहो, हा हात आहे की काय आहे? बर्फ झालाय नुसता."

"पाणी फिरतंय का ते बघत होतो."

"किती वेळ?"

"सकाळपासून."

त्यांनी बादलीत डोकावून बर्फ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचा तळहात स्पिंडलवर ठेवला आणि दहापर्यंत, पुढे वीसपर्यंत, शांतपणे मोजलं. "कोमट आहे," त्या म्हणाल्या. "अंघोळीच्या पाण्यापेक्षाही कमी. बर्फातला हात कुठेही ठेवलात तरी भाजणारच. यंत्र तापलेलं नाहीये, तुम्ही गार पडलाय."

काका आणि पोटनियम दोघांनीही खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. एवढ्या वेळात त्या दोघांपैकी एकानंही स्वतःचा हात लावून बघितला नव्हता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.  अपमान झालेला माणूस आणि सुटका झालेला माणूस एकाच वेळी असलो की नेमकं काय बोलावं ते मला कधी सुचत नाही. नर्सताईंनी माझा हात पंचानं कोरडा करून काखेत धरायला लावला, प्रेशर मोजलं, "एवढ्यानं काही होत नाही," म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

पोटनियमांनी पहिल्यांदा 'होय'वर खूण केली. बारा हजारांची पायरी त्यानंतर इतकी सुरळीत गेली की मी हेल्मेट काढलं. काकांनी ऐकून सांगितलं, "बोलणं कमी झालंय." अठरा हजारांना मात्र मी वेगाचं बटण जपून फिरवलं. आवाज चढत गेला. सतरा हजार. साडेसतरा. अठरा हजार. आणि कुठूनतरी एक तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. सगळी बाल्कनी थरथरायला लागली असं मला वाटलं. काकांच्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. पोटनियम तक्ता छातीशी धरून उभे राहिले. "असामान्य," ते म्हणाले.

मी लाल बटणावर हात आपटला.

सगळं थांबलं. मेलं, असं मला वाटलं. बेअरिंग गेलं, सोमवार गेला, वीस वर्षांचा 'अ' गेला, आणि ते माझ्या हातून झालं. मी जमिनीवर बसलो. मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, दार उघडलं, आणि बायको आत आली. धापा टाकत होती. घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"काय झालं? का थांबलं? शिट्टी कसली होती?"

"तू वखारीत होतीस ना?"

ती सरळ स्पिंडलपाशी गेली. त्यावर हात ठेवला. हातानंच टोक हळूहळू फिरवून पाहिलं, कुठे खरखरतंय का ते. मग मान वर केली आणि खिडकीच्या काचेला बोट लावलं. काच खुळखुळली. "ही," ती म्हणाली. "कडेची पुट्टी सुटलीय काचेची. शिट्टी खालपर्यंत ऐकू येत होती." तिनं जुन्या कागदाची घडी करून फटीत बसवली. शिट्टी यंत्राची नव्हती, काचेची होती. अठरा हजारांना तिला थरथर सुटत होती.

"खाली म्हणजे कुठे?" मी विचारलं.

पोटनियम आणि काका यांना अचानक आपापल्या घरी कामं आठवली. तक्ता माझ्या हातात देऊन ते गेले तेव्हा ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"दुचाकीच्या शेडमध्ये," ती म्हणाली. "सकाळपासून. फळ्या ते उद्या टेंपोनं पाठवणार आहेत. वखारीत जायचंच नव्हतं."

मी काकांचा पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलून हातात घेतला.

"पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा वर आले होते. दाराला कान लावला. पोटनियम 'तक्त्यात तसं नाही' म्हणाले ते ऐकलं आणि परत गेले. दुसऱ्यांदाही आले. मग नर्सताई दिसल्या, त्यांना म्हटलं, जरा बघून या, ते घाबरले असतील."

"पण तू का नाही चालवलंस?"

 "तुमच्या हातून बिघडलं असतं तर मी तुम्हाला बोलले असते," ती म्हणाली. "महिनाभर बोलले असते. आणि नवीन मागवलं असतं. माझ्या हातून बिघडलं असतं ना, तर मी परत पेन्सिलसुद्धा उचलली नसती. मला तेवढी भीती वाटली हो."

म्हणजे हे यंत्र मी बिघडवीन अशी तिला खात्री होती म्हणून ते माझ्यावर सोपवलं होतं. खरं तर मला राग यायला हवा होता. मी तो शोधला, पण सापडला नाही. इतक्या वर्षांत तिला कशाची भीती वाटते असं मला कधी वाटलंच नव्हतं. घाबरायचं खातं आमच्या घरात माझ्याकडेच आहे, असं मी धरून चाललो होतो.

अठरा हजारांची पायरी आम्ही दोघांनी बसून काढली. चोवीस हजारांना ती म्हणाली, "तुम्ही फिरवा." मी म्हणालो, "तू फिरव." तिनं बटणावर बोटं ठेवली. मग तिनं फिरवलं. आवाज चढला, आणखी चढला, एका जागी स्थिर झाला आणि तसाच राहिला. वीस मिनिटं आम्ही त्याच्याकडे बघत होतो. ती मोजत होती, मी मोजत होतो, आणि आमचे आकडे जुळत नव्हते. शेवटच्या रकान्यात तिनं सही केली.

दुपारी घरात पडलेला एक जुना फळीचा तुकडा काढून तिनं यंत्रावर बसवला. पातं लावलं, नट आवळला. संगणकावर 'अ' उघडला. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही इथे उभे राहिलात ना, की माझं चुकतं."

मी चपला घातल्या आणि खाली शेडमध्ये जाऊन एका स्कूटरवर बसलो. थोड्या वेळानं वरून आवाज सुरू झाला. लाकडात पातं शिरलं तसा तो जाड झाला. मी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून ऐकत बसलो. आता थांबेल, आता थांबेल, असं प्रत्येक क्षणी वाटत होतं. 'अ' पूर्ण होईपर्यंत, एकोणीस मिनिटं, तो थांबला नाही.